दोन खानेसुमाऱ्यांच्या मधल्या आनंदीबाई

मस्तगड म्हटले की जालन्याबाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादा डोंगरी किल्ला उभा राहील. तसे काही नाही. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या आमच्या गावाच्या पूर्वेला सपाटीवर बांधलेली ही एक गढी आहे. चौकोनी तट, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज. असफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली ती बांधली आणि ती केव्हा बांधली हे सांगणारा फारसी लेखही तेथे कोरला गेला. पुढच्या काळात गडात नगरपालिकेची कचेरी भरू लागली. गडाभोवतालच्या वस्तीलाही लोक मस्तगडच म्हणतात. त्या वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. गड केव्हा उभा राहिला याची नोंद दगडावर आहे. आमचे घर गडाजवळ केव्हा आले याची नोंद मात्र कोठेच नाही. ती शोधता शोधता मी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यापाशी कशी जाऊन पोचले, ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथमच सांगते, मी काही संशोधक नाही. द्वितीय वर्ष कला शाखेची एक साधी विद्यार्थिनी आहे. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात, आई बियाणे निवडायला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मागच्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी एक दाखला काढायचा होता. दाखल्यासाठी जुना पुरावा हवा, असे कचेरीत सांगण्यात आले. आजोबांचा शाळेचा उतारा आणा, म्हणाले. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. सातबारा आणा, म्हणाले. गावी जमीन नव्हती. जमीन नाही म्हणून फेरफार नाही, शाळा नाही म्हणून रजिस्टर नाही. बाबा तीन दिवस हमाली बुडवून माझ्याबरोबर त्या बाकावर बसले. आमच्या जिल्ह्यात २०२३ सालापासून निजामकाळातील जुन्या नोंदी शोधण्यासाठी लोक रात्रंदिवस धडपडले, हे सर्वांना ठाऊकच आहे. मोडी वाचणाऱ्यांच्या दारी रांगा लागल्या. त्या गर्दीत मला प्रथमच कळले की माणूस जिवंत असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे.

ही हकीकत मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. ते म्हणाले की अमेरिकेतली साधी साधी कुटुंबेही आपले मूळ खानेसुमारीच्या कागदांवरून शोधतात. खानेसुमारी म्हणजे आपण ज्याला शिरगणती किंवा जनगणना म्हणतो तीच. शब्द मात्र मला फार आवडला. खाने म्हणजे घरे. घरांची मोजदाद, ती खानेसुमारी.

सरांनी दिलेल्या दुव्यावरून मी ग्रंथालयातल्या संगणकावर बसून जे वाचले ते थोडक्यात असे. अमेरिकेत १७९० सालापासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. आरंभी कागदावर फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. १८५० साली प्रथमच घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. गुलामांची नावे तेव्हाही नव्हती. ती यायला १८७० साल उजाडावे लागले. १८८० साली आणखी एक रकाना वाढला. कुटुंबप्रमुखाशी या माणसाचे नाते काय, असा तो रकाना. बायको, मुलगा, मुलगी, नोकर, पैसे देऊन राहणारा पाहुणा, जे असेल ते. ही पाने बहात्तर वर्षे बंद ठेवतात आणि मग सर्वांसाठी खुली करतात. १९५० सालची पाने २०२२ साली खुली झाली. त्यामुळे एखादा नातू आपल्या पणज्याचे घर दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी मागे मागे शोधत जाऊ शकतो.

आपल्याकडे असे करता येत नाही. १८८१ च्या फेब्रुवारीत सबंध हिंदुस्थानात एकाच वेळी पहिली शिरगणती झाली आणि निजामाच्या राज्यातही झाली. पण तिच्यातून आकड्यांची जाडजूड पुस्तके तयार झाली, नावांची पाने जपली गेली नाहीत. १९४८ च्या कायद्याने तर घरोघरची माहिती गोपनीयच ठरवली. तेव्हा मस्तगडातले आमचे घर या वाटेने सापडणार नव्हते. पण कुतूहल म्हणून मी विचार केला, त्या काळातल्या अमेरिकेतले माझ्या ओळखीचे कोण आहे? एकच नाव सुचले. शाळेत वाचलेला आनंदीबाई जोशी यांचा धडा. मी ठरविले, आनंदीबाईंना त्या खानेसुमारीत शोधायचे.

शोधायचे तर आधी चरित्र नीट वाचायला हवे. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या त्या. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी पोस्ट खात्यात नोकरीला, बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली. नोंदींच्या दृष्टीने पाहिले तर येथेच पहिली अडचण येते. एका मुलीची दोन नावे आणि मधला सांधा फक्त एका लग्नाचा. माझ्या आजीचेही असेच झाले. तिचे माहेरचे नाव मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

गोपाळरावांना बायकोला शिकविण्याचे विलक्षण वेड होते. ते वेड चांगले की वाईट, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. त्या काळात बायकोच्या हातात पाटी देणारा पुरुष शोधून सापडला नसता, हे खरे. पण अभ्यास टाळला की ते मारहाण करीत, हेही खरे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनीच ते नवऱ्याला सांगून टाकले आहे. त्यांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. दर ठिकाणी नवी बिऱ्हाडे, नवी माणसे, रस्त्याने शाळेत जाणाऱ्या विवाहित मुलीकडे रोखलेल्या नजरा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरपुढे बाई आपले दुखणे सांगत नाही, ही अवस्था त्यांनी अंगावर सोसली. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयाचे मूळ चरित्रकार त्या दहा दिवसांत शोधतात. तो निश्चय पुढे सगळ्या जगाला माहीत झाला. त्या बाळाचे नाव मात्र माझ्या वाचनात कोठे आले नाही.

गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी मदत मागितली होती. वाइल्डर यांनी उलट धर्मांतराचा विषय काढला आणि सारा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. प्रकरण तेथेच संपायचे. पण १८८० साली न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले ते जुने मासिक त्यांनी सहज चाळले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. उत्तर आले, पुन्हा पत्र गेले. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. एक पंधरा वर्षांची, दुसरी संसारी, मुलाबाळांची. पण पत्रांतून असे नाते जुळले की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जातो, एकटीच का जातो, येथे का शिकत नाही, अशा लोकांच्या एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष सरायचे होते. आम्ही साध्या वक्तृत्वस्पर्धेत उभे राहताना पाय लटपटतात, म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. गोपाळराव बरोबर नव्हते. त्या वेळी आमच्या जालन्याला आगगाडीसुद्धा आलेली नव्हती. ती १९०० च्या सुमारास आली. तरी जालन्याला अमेरिका अगदीच अनोळखी होती असे नाही. आमच्या गावाजवळ बेथेलची वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेला जाऊन आले होते. पण ते पुरुष होते, धर्मोपदेशक होते आणि त्यांच्यामागे मिशन होते. आनंदीबाईंच्या मागे होती ती न पाहिलेल्या मावशीची पत्रे.

मावशी न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला आल्या आणि आनंदीबाई रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबात राहायला गेल्या. अमेरिकेतले त्यांचे हे पहिले घर. येथे मी १८८० च्या खानेसुमारीचा कोरा नमुना समोर घेतला आणि मनाशी एक खेळ खेळून पाहिला. समजा, त्या उन्हाळ्यात गणना करणारा माणूस कार्पेंटरांच्या दारात आला असता, तर त्याने या नऊवारीतल्या मुलीची नोंद कशी केली असती?

नाव त्याने कसेबसे लिहिले असते. वय अठरा. पुढचा रकाना वर्णाचा. गोरा, काळा, मिश्र, चिनी आणि इंडियन, एवढेच पर्याय. इंडियन म्हणजे हिंदुस्थानी नव्हे, तर अमेरिकेतले मूळ आदिवासी. म्हणजे खऱ्याखुऱ्या इंडियन बाईला त्या रकान्यात जागाच नव्हती! मग उद्योगाचा रकाना. गृहिणीपुढे, घर सांभाळते, असे लिहिण्याची गणकांना सूचना होती. हजारो मैलांवरून डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीपुढे त्याने काय लिहिले असते? लिहिता-वाचता येत नाही काय, असाही रकाना होता. तो मात्र आनंदीबाईंसाठी कोरा सोडावा लागला असता आणि त्या एका कोऱ्या चौकटीसाठी त्यांनी लहानपणी किती सोसले होते, हे त्या गणकाला कळले नसते. आई-वडिलांचे जन्मस्थान, हा रकाना त्याच वर्षी नव्याने आला होता. आणि शेवटी नात्याचा रकाना. कुटुंबप्रमुखाशी नाते काय? बायको नव्हे, मुलगी नव्हे, नोकर नव्हे. रक्ताचे नाते नाही म्हणून भाचीही नव्हे. फार तर त्याने पाहुणी म्हणून लिहिले असते. मावशी या शब्दाला अमेरिकेच्या सरकारी कागदात खण नव्हता.

पण हा सगळा खेळच. कारण तारखा जुळवताच माझ्या ध्यानात आले की असा माणूस राष्ट्रीय शिरगणतीसाठी त्या दारात येणेच शक्य नव्हते. एक गणना जून १८८० ची, दुसरी जून १८९० ची. आनंदीबाई अमेरिकेत आल्या १८८३ साली आणि परतल्या १८८६ साली. दोन खानेसुमाऱ्यांच्या बरोबर मधल्या पोकळीत त्यांचे सारे अमेरिकेतले आयुष्य बसते. न्यू जर्सी राज्याने १८८५ साली आपली वेगळी गणना घेतली होती. पण त्या वर्षी त्यांच्या शिक्षणाचे घर पेनसिल्व्हेनिया राज्यात होते. आणि १८९० चे कागद तरी कोठे राहिले? त्या वर्षी प्रत्येक कुटुंबाला प्रथमच स्वतंत्र कागद दिला होता. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत आग लागली. काही पाने जळाली, बरीच पाण्याने भिजून कुजली आणि उरलेली पुढे सरकारनेच निकालात काढली. सव्वासहा कोटींवर लोकांपैकी जेमतेम सहा हजारांवर नावे आज शिल्लक आहेत. त्यामुळे मूळ शोधणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना १८८० वरून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. मधल्या वीस वर्षांत जे जन्मले आणि वारले, ते त्या उडीखाली राहून जातात.

त्या उडीखाली आनंदीबाईंनी काय केले, ते आता सांगते. १८८३ च्या ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे कॉलेज १८५० साली स्थापन झालेले. स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. डीन रेचेल बॉडले यांनी त्यांना मायेने सांभाळले. पण थंडी हाडे गोठविणारी, खोलीतली शेगडी धूर करणारी, आहार शाकाहारी आणि तोही पुरेसा नाही. अभ्यास तर रोजचा पुष्कळ. प्रकृती खालावत गेली. १८८४ च्या शेवटी त्या दुसऱ्या वर्षाला होत्या आणि त्यांचे वय एकोणीस होते. मीही आज दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझेही वय एकोणीस. या योगायोगाला काही अर्थ नाही, हे मला कळते. तरी ग्रंथालयात बसल्या बसल्या मी हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहिला. आमच्या नात्यातले लोक बाबांना विचारू लागले आहेत की पोरीला आणखी किती शिकविणार. एकोणीस वर्षांच्या आनंदीबाई शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या होत्या, असे त्यांना सांगावेसे वाटते. पण पाहुण्यांपुढे चहा ठेवून मी आत जाते.

त्या वर्षांतले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेले. तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे ज्या दुःखाने त्या घराबाहेर पडल्या, त्याच विषयावर त्यांनी लिहिले. समारंभाला गोपाळराव हजर होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली.

त्या जागेवर त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या आजारी होऊनच. ज्यांनी जाताना नावे ठेवली, तेच आता त्यांच्या दर्शनाला येत होते. औषधे झाली, हवापालट झाला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. डॉक्टर म्हणून एकाही रुग्णावर आपल्या देशात उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. एवढ्या कष्टांचे फळ काय, असा प्रश्न माझ्या आईने ही गोष्ट ऐकल्यावर विचारला. मला लगेच उत्तर देता आले नाही.

पण चरित्र येथे संपत नाही. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथील दफनभूमीत, आपल्या स्वतःच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या आणि वर आनंदीबाईंच्या नावाची शिळा उभी केली. हडसन नदीकाठचे हे गाव. तेथे कार्पेंटर कुटुंबाची माणसे आणि त्यांच्यामध्ये कल्याणच्या जोश्यांची ही मुलगी.

वाचकहो, खानेसुमारीचे कागद जेथे संपतात तेथे अमेरिकेतले लोक काय करतात, हे मी आधी वाचले होते. ते दफनभूमीत जातात. कोणाशेजारी कोणाला ठेवले आहे, यावरून घरातली माणसे ओळखतात. त्या रीतीने पाहिले तर आनंदीबाई सापडतात! गणकाच्या नात्याच्या रकान्यात जे बसले नसते, ते मावशीने जमिनीत लिहून ठेवले. पत्रे तिने जपली. त्या पत्रांचा आधार घेऊन कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ सालीच इंग्रजी चरित्र काढले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ साली आली आणि अंजली कीर्तने यांचा संशोधनग्रंथ १९९७ साली. हे सगळे झाले, कारण प्रथम कोणीतरी एका परक्या मुलीला आपली म्हणून तिची आठवण नीट ठेवली. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे थोडेसे मिळाले. आनंदीबाईंच्या हातून रुग्ण बरे झाले नाहीत, पण बाईला डॉक्टर होता येते याची नोंद झाली आणि ती पुसली गेली नाही.

हे सगळे मी एका रात्री वीज गेली असताना आजीला सांगत होते. दहा दिवसांच्या बाळाची गोष्ट आली तशी आजी बोलायची थांबली. मग तिने जे सांगितले ते आमच्या घरात बाबांनाही पुरते ठाऊक नव्हते. १९७१ ची शिरगणती झाली तेव्हा आजी-आजोबा गावी होते. नवे लग्न, घरात दोनच माणसे. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. दोघे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तेथे आजीला पहिली मुलगी झाली. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन आईला दूध कोठून येणार? नऊ महिन्यांची होऊन ती गेली. त्यानंतर त्यांनी गाव सोडले आणि काम शोधत जालन्याला येऊन मस्तगडाच्या बाजूला पाल ठोकले. ते आमचे या गावातले पहिले घर. बाबा आणि काका येथे जन्मले. १९८१ ला पुन्हा मोजणारा आला, तेव्हा आजोबांनी चार माणसे सांगितली. दोन मोजण्यांच्या मध्ये ती मुलगी येऊन गेली होती. तिची ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. खडी केंद्राच्या हजेरीपटावरही आजीचे नाव नव्हते, आजोबांच्या नावापुढे नुसते दोन आकडे होते, असे आजी सांगते.

आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे मतदारयाद्यांतून गाळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले होते. हे मी राज्यशास्त्राच्या तासाला ऐकले, तेव्हा वर्गात थोडे हसू झाले होते. मीही हसले होते. आता हसू येत नाही.

दाखल्याचे काय झाले, असे कोणी विचारील. गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबांच्या चुलत भावाचे नाव सापडले. त्या नावाशी आमचे नाते सिद्ध करण्यासाठी वंशावळ काढून, प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला आहे. तोवर या वर्षीच्या शिष्यवृत्तीची मुदत टळली. बाबांनी मुकादमाकडून उचल घेऊन फी भरली. वंशावळीच्या तक्त्यात पणजोबा, आजोबा, बाबा अशी पुरुषांचीच नावे एकाखाली एक लिहायची असतात. मी तो तक्ता कचेरीच्या पद्धतीप्रमाणे भरून दिला. घरी आल्यावर तोच तक्ता वहीत पुन्हा काढला आणि त्यात आजीचे माहेरचे नाव घातले, सासरचे घातले, आईची दोन्ही नावे घातली आणि बाबांच्या वर त्या नऊ महिन्यांच्या आत्याचे नाव लिहिले. आजीला ते नाव चांगले आठवते. येथे मात्र मी ते छापत नाही. आजीने ते घरातच राहू दे म्हणून सांगितले आहे.

२०२१ ची जनगणना लांबली. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. आमच्या गल्लीत मोजणारे येतात तेव्हा त्यांच्यासमोर बसून उत्तरे द्यायचे काम मी बाबांकडून मागून घेतले आहे. आजीचे नाव विचारतील तेव्हा ते आजीनेच सांगायचे, असे आमचे ठरले आहे. आजी त्या नावाचा अजून सराव करते आहे. स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारायची तिला सवय नाही.